भिवराचा साक्षीदार

“साक्षीदार आण, नाहीतर गाशा गुंडाळ!” राजा प्रतापमल्लांनी फर्मावलं.

समोर उभी होती भिवरा, परराज्यातल्या पाथरवटाची मुलगी. जात्याला टाकी लावायची, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा, ही विद्या शिकायला ती इथे आली होती. आली कसली, दवंडी पिटून बोलावली होती! शुल्क घेताना प्रधान धोंडोपंत तिला ‘लेकी, लेकी’ म्हणत होते. शिक्षण संपलं आणि लेक एका दिवसात परकी झाली.

शिकवणाऱ्या गुरुजींचे हात आता थरथरत होते आणि इथल्या पोरांना पागोटं घालून दरबारात उभं राहण्यातून सवड नव्हती. टाकी लावणारी उरली होती एकटी भिवरा. पण कायमच्या वास्तव्याचा पट्टा हवा, तर राज्यात काम केल्याचा अनुभव हवा, असा नियम. आणि पट्टा नसलेल्याला काम देणारा थेट तुरुंगात, हाही नियमच! दोन्ही धोंडोपंतांनी केलेले, आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान.

“पण महाराज, शिकताना तुमच्याच मुदपाकखान्यातल्या जात्यांना मी टाकी लावली की!”

“तो सराव!” धोंडोपंत गरजले. “विद्यार्थ्याचं काम म्हणजे काम नव्हे. ते झालंच नाही असं समजायचं!”

“अगदी बरोबर,” महाराज म्हणाले. “उद्या माझं जेवण व्हायच्या आत, तू इथे काम केलंस असं शपथेवर सांगणारा माणूस आण. आणि प्रतिष्ठित आण हं!”

 भिवराच्या गावची खाण केव्हाच बुजली होती, परत जाऊन करणार काय? आणि तुरुंगाच्या भीतीने साक्षीला येणार कोण? ती तडक मुदपाकखान्यात, स्वयंपाकीण सगुणाबाईंकडे गेली.

“मावशी, उद्या महाराजांचा नियम तंतोतंत पाळाल?” असं म्हणून ती त्यांच्या कानाशी लागली. सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी महाराज पाटावर बसले. ताटात भरीत, ठेचा, लोणी. भाकरी नाही!

“भाकरी कुठाय?”

“कशी असेल, महाराज?” सगुणाबाई म्हणाल्या. “ जात्याला टाकी लागलीच नाही, असं कालच ठरलं ना! गुळगुळीत जात्यावर ज्वारी नुसती घरंगळते. पीठ कुठून यायचं?”

“मग इतके दिवस मी काय खाल्लं?”

“नियमाने बघितलं तर तुम्ही उपास केलात,” भिवरा दारातून म्हणाली. “केवढं पुण्य, महाराज!”

“उपासच, महाराज!” धोंडोपंतांनी मान डोलावली. “नियम म्हणजे नियम.”

“गप्प बसा!” महाराज कडाडले. “म्हणे उपास! टाकी लागली होती! या पोरीनेच लावली होती! मी स्वतः ते पीठ खाल्लंय, शपथेवर सांगतो! आणा ती भाकरी!”

भिवराने लवून मुजरा केला. “महाराज, जेवण अजून व्हायचंय आणि साक्षीदार हजर आहे. याहून प्रतिष्ठित माणूस मला काही सापडला नाही!”

 महाराज असे हसले, असे हसले, की ठेच्याचा ठसका लागला.

“दिला पट्टा!” डोळे पुसत ते म्हणाले. “राजवाड्यातली सगळी जाती आजपासून तुझ्या हवाली, आणि राहायला बागेजवळचं घर. पण आता वाढा कुणीतरी!”