कोठडीतली एकोणतिसावी फाइल

“उस्ताद, तुम्ही नुसतं बसूनच राहणार आहात का?”

निकेतनं हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. जतच्या पेठेतल्या मगदूम मेडिकलमध्ये उस्ताद स्टुलावर बसले होते आणि बशीतला चहा फुंकत होते.

“चहा गरम आहे,” उस्ताद म्हणाले.

उस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं करत करत तालुक्यातलं निम्मं सामान त्यांच्या हाताखालून गेलेलं. बोलणं कमी. घाई तर नाहीच. गिऱ्हाइकं वैतागायची, शिव्या घालायची आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

निकेत आवटी त्यांचा शिष्य. पुण्याहून कोर्स करून आलेला, आठ महिन्यांपासून त्यांच्या हाताखाली. पोरगा हुशार, यात वाद नाही. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला दिवसातून चारदा आठवायचं.

कालचीच गोष्ट घ्या. शैलजाताई मगदूमांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून व्हायरस लागला. फायली उघडेनात, भलत्याच जाहिराती नाचायला लागल्या. उस्ताद सांगलीला गेलेले. निकेत एकटाच आला, बाह्या सरसावून बसला आणि दोन तासांत यंत्र लख्ख करून उठला.

“एक्केचाळीस!” जाताना तो ताईंना म्हणाला होता. “एक्केचाळीस किडे काढले, ताई. उस्तादांनी आठवडा लावला असता.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

आज सकाळी ताईंनी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला. सगळं छान. जाहिराती गायब. मग त्यांनी औषधांच्या नोंदींचा प्रोग्रॅम उघडला, तर पडद्यावर एकच ओळ आली. डेटाबेसशी जोडणी होत नाही.

सगळ्या नोंदी त्या डेटाबेसमध्ये. तोच दार उघडेना.

निकेत धावत आला. बंद करून चालू केलं. पासवर्ड तपासला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. सुरक्षेची भिंत, म्हणजे फायरवॉल, उतरवली, चढवली, परत उतरवली. दोन तास तो त्या यंत्राशी झटत होता, आणि ते आपलं तीच ओळ दाखवत होतं.

शेवटी ताईंनीच उस्तादांना फोन केला. ते आले आणि चहा घेऊन बसले.

“मामा,” ताई काउंटरमागून म्हणाल्या, “एकची एसटी आहे.”

“कुठली?”

“संखची. निंगव्वाचं औषध जायचंय.”

ताईंच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. मघापासून त्या तशाच उभ्या होत्या.

निंगव्वा बिराजदार. वय पंच्याहत्तर, घरात एकटी, अक्षरओळख नाही. हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला रोज लागते. ताई महिन्याच्या पुड्या बांधून कंडक्टरच्या हाती देतात, प्रत्येक दिवसाची वेगळी पुडी. म्हातारी पुडी सोडते आणि आत असेल ते गिळते. तिचा ताईंवर तेवढा विश्वास.

“डॉक्टरांनी गेल्या बाजारच्या दिवशी फोनवर प्रमाण बदललं,” ताई म्हणाल्या. “दुकानात ही झुंबड. कानाला फोन लावला होता आणि बोटांनी थेट कॉम्प्युटरवर टाकलं. कागदावर कुठंच नाही हो, मामा. एक सांगितली, अर्धी सांगितली, की पाऊण... काही केल्या आठवेना झालंय.”

“डॉक्टरांना विचारा.”

“विमानात आहेत. संध्याकाळपर्यंत फोन बंद.”

“संध्याकाळी पाठवली तर?”

“तिच्या पुड्या परवाच संपल्यात. आज एसटी चुकली तर उद्या दुपारपर्यंत काही नाही. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते. जास्त झाली तर रक्त थांबत नाही.” ताईंनी पट्टी पुढं केली. “आंधळेपणानं कापू का मी ही पट्टी?”

उस्तादांनी मान हलवली. चहाचा एक घोट घेतला.

निकेतला आता राहवेना.

“एकच उपाय आहे,” तो म्हणाला. “फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं.”

“किती वेळ?”

“दीड तास... घाई केली तर तासभर.”

“आणि जुन्या नोंदी?”

“त्यांचं फोल्डर काढून घेतलंय ना मी. नव्यात टाकलं की उघडेल.”

“उघडेल?”

“उघडायला पाहिजे.”

निकेतनं यंत्राकडे तोंड केलं, हात कीबोर्डकडे नेला.

तेवढ्यात उस्ताद उठले. किटलीतला गरम चहा ओतून बशी काठोकाठ भरली आणि निकेतसमोर धरली.

“धर.”

“मला नको चहा.”

“पी म्हणालो का? धर. दोन्ही हातांनी.”

निकेतनं धरली. न धरून सांगतो कुणाला? बशी तुडुंब, चहा वाफाळता, आणि खाली ताईंचा कीबोर्ड. जरा हललं की सांडलंच.

“आता सांग,” उस्ताद त्याच्या शेजारी स्टूल ओढत म्हणाले. “काल काय काय काढलंस?”

“सांगितलं की. एक्केचाळीस व्हायरस.”

“कुठले?”

“उस्ताद, घाण काढताना कुणी एकेक कचरा बघत बसतं का? नवा अँटिव्हायरस टाकला, त्यानं यादी दाखवली, मी ‘सगळं काढा’ दाबलं.”

“जाळलंस, की कोठडीत आहेत?”

अँटिव्हायरसचं असं असतं, की पकडलेल्या फायली तो लगेच मारत नाही. एका बंद जागी डांबून ठेवतो. तीच ही कोठडी.

“कोठडीत आहेत,” निकेत म्हणाला. “आज रिकामी करणार होतो. फॉरमॅटमध्ये जातीलच.”

“उघडतो मी. तू वाच.”

“एक्केचाळीस?”

“एक्केचाळीस. नाव, जागा, तारीख.”

निकेतनं घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यानं ताईंकडे बघितलं. ताई उस्तादांकडे बघत होत्या. मग बिचारा काय करतो! हातात बशी धरून, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखा अवघडून, तो वाचायला लागला.

“पहिली. पेनड्राइव्हवरून. आठ दिवसांपूर्वीची.”

“हं.”

“दुसरी. तिथूनच. आठ दिवस.”

“हं.”

“तिसरी...”

उस्ताद बोटानं यादी वर सरकवत होते आणि प्रत्येक नावाला हुंकार भरत होते. एकही नाव त्यांनी सोडलं नाही. दहावीला निकेतचे हात भरून आले. विसावीला त्याच्या कपाळावर घाम आला. पण एक झालं. बशीच्या धाकानं तो सावकाश वाचायला लागला, आणि सावकाश वाचता वाचता त्याला पहिल्यांदाच कळायला लागलं की काल आपण काढलं ते नेमकं काय होतं.

“अठ्ठाविसावी. जाहिरातीवाली. सहा दिवस.”

“हं.”

“एकोणतिसावी. नाव नुसतंच एक अक्षर आणि आकडा. लपवलेल्या फोल्डरात. तारीख...”

तो थांबला.

“तारीख वाच की.”

“सात वर्षांपूर्वीची.”

उस्तादांनी हुंकार भरला नाही.

“व्हायरस आठ दिवसांपूर्वी आला,” निकेत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “मग ही सात वर्षं इथं काय करत होती?”

“आत बघूया.”

उस्तादांनी फाइल उघडली. साताठ ओळी होत्या, बस्स. निकेतनं त्या वाचल्या आणि त्याच्यातला पुण्याचा कोर्स लगेच जागा झाला.

“हॅत्! हे कुणा अडाण्यानं खरडलंय? ना नाव, ना गाव. कशासाठी आहे तेही लिहिलेलं नाही. यंत्र चालू झालं की गुपचूप आपलं आपण उठतं, सुरक्षेच्या भिंतीला भोक पाडतं... असं व्हायरसच करतात, उस्ताद! आणि मग हे काय करतं, तर जाऊन...”

बशीतला चहा हलला.

“जाऊन काय?” उस्तादांनी विचारलं.

“...डेटाबेसला उठवतं.”

बाहेर एक रिक्षा भोंगा वाजवत गेली.

मग ताईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! मामा, हे तुमचंच की! नवं यंत्र घेतलं तेव्हा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना. कंपनीवाला म्हणाला, फेकून द्या. तुम्ही दिवसभर बसलात आणि काहीतरी लिहून दिलंत. तेव्हापासून एक दिवस अडलं नाही.”

उस्तादांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावरच्या ओळी निरखल्या.

“माझंच आहे,” ते म्हणाले. “साफ विसरलो होतो.”

निकेतचा चेहरा पांढराफटक पडला. अडाणी म्हणाला होता तो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर त्या संन्याशाच्या बापाला तोंडावर शिवी! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“उस्ताद, मी...”

“बशी ठेव,” उस्ताद म्हणाले. “आधी त्याला उठव. बाकीचं मागनं.”

निकेतनं फाइल कोठडीतून सोडवली, तिच्या जागी ठेवली आणि ही आपली आहे म्हणून अँटिव्हायरसला बजावलं. यंत्र बंद करून चालू केलं. क्षणभर एक काळी चौकट उघडली आणि मिटली. त्यानं प्रोग्रॅमवर बोट दाबलं.

नोंदी उघडल्या. हजारभर माणसं, त्यांची दुखणी, त्यांच्या गोळ्या, सगळी जिथल्या तिथं.

ताई धावतच आल्या. निकेतनं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं.

“निंगव्वा बिराजदार, संख. रोज अर्धी.”

ताई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी हातातली पट्टी समोर धरली.

“मी एक देणार होते,” त्या म्हणाल्या. “मघाशीच मनाशी ठरवलं होतं, आता वेळ नाही, एकच असणार. महिनाभर तिनं रोज दुप्पट खाल्ली असती, आणि माझ्या नावानं हात जोडून खाल्ली असती.” त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. तशाच उठल्या आणि अर्ध्या गोळ्या मोजायला लागल्या.

बारा पन्नासला निकेत पुडकं घेऊन स्टँडवर पळाला. कंडक्टरच्या हातात दिलं, दोनदा नाव सांगितलं आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला.

परत येताना मात्र तो सावकाश चालत आला. आता उस्ताद झाडणार. झाडायलाच पाहिजे होतं. आपण त्यांच्या जागी असतो तर चार माणसांत चामडी लोळवली असती, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

तो दुकानात शिरला आणि दारातच थबकला.

उस्ताद ताईंसमोर उभे होते. दोन्ही हात जोडलेले.

“ताई, चूक माझी,” ते म्हणत होते. “पोरावर राग धरू नका.”

“अहो मामा, तुमची कसली चूक? तुमच्यामुळंच तर...”

“सात वर्षं एक काम अंधारात ठेवलं मी. नाव घातलं नाही, कारण लिहिलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, वहीत टिपलं नाही. माझं मलाच आठवलं नाही. चोरासारखं दिसलं, चोरासारखं पकडलं. यंत्रानं बरोबर केलं.”

“उस्ताद!” निकेत दारातूनच म्हणाला. “‘सगळं काढा’ मी दाबलं. न वाचता दाबलं.”

“ते तुझं तू बघ. मी माझं सांगतोय.”

निकेतनं आठ महिन्यांत त्यांना बंद पडलेली किती यंत्रं चालू करताना बघितलं होतं. पण गिऱ्हाइकापुढं, स्वतःच्या शिष्याच्या देखत, साठीतला हा माणूस इतक्या सरळपणे हात जोडतो, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, पुण्यात आपल्याला शिकवायला सहा मास्तर होते. त्यातल्या एकाला तरी हे जमलं असतं का? छे! आणि आपल्याला?

तो खुर्चीत बसला. ती फाइल उघडली. सगळ्यात वर जागा केली आणि सावकाश लिहिलं, ही फाइल कशासाठी आहे, काय करते, काढली तर काय बंद पडेल. मग खाली लिहिलं, दस्तगीर मुजावर.

“बघा उस्ताद, बरोबर आहे?”

उस्तादांनी वाकून वाचलं.

“वरचं बरोबर. खालचं खोड.”

“खालचं? का?”

“तुझं लिही. फोन नंबरासकट.”

“माझं?” निकेत उभाच राहिला. “उस्ताद, लिहिलीय तुम्ही! मी तर ती फेकून दिली होती!”

उस्ताद पायरीवर चपला घालत होते. त्यांनी वळून बघितलं.

“लिहिणाऱ्याचं नाव घेऊन निंगव्वा काय करणार, लेका? तिच्या हाकेला ओ कोण देणार, त्याचं लिही.”