शलोमीच्या मुठीची कहाणी

ऐक प्रभू, तुझ्या मुठीची कहाणी.

आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता, ओढ्याकाठी आड होता, आडावर बायका होत्या, आणि बायका म्हटल्यावर बोलणं होतं. एके शुक्रवारी शलोमी घागर घेऊन आडावर गेली. दोघीजणी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "पाळकसाहेबांनी देवळात शलोमीचं नाव काढलं बाई, आणि मग..."

इतक्यात शलोमीची घागर काठाला वाजली. दोघींनी मागं पाहिलं. एक घाईघाईनं पोहरा ओढू लागली. दुसरी म्हणाली, "आज पाणी गढूळ आलंय, नाही?" पाणी तर इतकं नितळ होतं, की तळाचा खापराचा तुकडा दिसत होता.

शलोमीनं पोहरा आडात सोडला. घागर भरली, घरी आली. "आणि मग"च्या पुढचं आडावरच राहिलं.

ही शलोमी कोण? वेशीबाहेर प्रभूचं कौलारू देऊळ होतं. वर क्रूस, दारात घंटा, आत सतरंजी. तिथं उपासनेला जमणाऱ्या मंडळीतली ती सून. लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं तिला चुलीपुढं बसवलं. मग म्हणाली, "सूनबाई, आमच्या घरात एक वसा आहे. घेशील का?"

"घेईन आत्याबाई. कसा घ्यावा? कधी घ्यावा?"

"दळायला बसलीस, आधी मूठ काढावी. भात शिजवायला घेतलास, आधी मूठ काढावी. घरात एकच भाकरी पुरेल एवढं असलं, तरी आधी मूठ काढावी. प्रभूचं नाव घेऊन गाडग्यात टाकावी. रविवारी गाडगं डोक्यावर घेऊन देवळात जावं. त्यातनं म्हाताऱ्याकोताऱ्यांची, निराधारांची चूल पेटते. घेतली मूठ सोडू नको, दिली मूठ बोलून दाखवू नको."

शलोमीनं वसा घेतला. काय ते दिवस होते! रविवारी पहिली घंटा झाली, की गल्लीगल्लीतनं बायका निघायच्या. डोक्यावर गाडगी, अंगावर ठेवणीतली लुगडी. देवळात पेटी सुरात यायच्या आधी तबला सुरू व्हायचा, आणि पाळकसाहेब हसायचे. नाताळात सगळ्या आळीला करंज्यांचा वास.

मग शलोमीला लेक झाली. नाव ठेवलं सुवार्ता. पोर चालू लागली, बोलू लागली, आईशेजारी चुलीपुढं बसू लागली. आईनं मूठ काढली, की आपली इवलीशी मूठ भरायची. अर्धे दाणे बोटांतनं सांडायचे. म्हणायची, "आईची मूठ देवाची, सांडलेले दाणे देवाच्या चिमण्यांचे." देवळात सतरंजीवर दोघींची जागा ठरलेली. खांबाला टेकून शलोमी, तिला टेकून सुवार्ता.

पोर सात वर्षांची झाली. एका पावसाळ्यात ताप आला. वैद्य झाले, दवाखाना झाला, प्रार्थना झाली. चौथ्या दिवशी पोर गेली.

मग शलोमी उठली. चुलीपाशी आली, गाडगं उचललं, दाणे अंगणात फेकले. म्हणाली, "माझ्या मुठी घेतल्यास, तेवढ्यानं पोट भरलं नाही तुझं?" आणि गाडगं उतरंडीवर पालथं घातलं.

पाळकसाहेब भेटायला आले. पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "त्या देवळाचं नाव माझ्यापुढं कुणी काढायचं नाही." तिची शेजारीण मार्था, एका सतरंजीवर बसणारी, तिलाही हेच सांगितलं. तेव्हापासून कुणी काढलं नाही. शलोमी आली, की बायका गप्प.

तीन वर्षं झाली. घरात भाकरी होती, तिला चव नव्हती. दिवा होता, उजेड नव्हता. नवरा शांतवन होता, पण दोघांत बोलणं उरलं नव्हतं. रविवारी घंटा झाली, की शलोमी मुद्दाम भांडी आदळायची.

मग त्या शुक्रवारी पहाटे काय झालं? पिठाचं मडकं काढताना पालथं गाडगं तिच्या हातात आलं. सुलटं केलं. बुडाला ज्वारीचे चार दाणे चिकटलेले. इवल्या मुठीतले की आपल्या मुठीतले, कोण सांगणार? शलोमी तिथंच खाली बसली. पोटभर रडली. मग मनाशी म्हणाली, "परवा रविवार. जाईन. दारात उभी राहीन, पण जाईन."

आणि घागर घेऊन आडावर गेली, तर हे ऐकलं.

घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, मंडळीतनं माझं नाव काढलं म्हणतात."

शांतवन म्हणाला, "काढलं तर काढलं. आपण तरी कुठं जातो?"

ते तिच्या काळजाला लागलं. आपण सोडलं, तेव्हा वाटलं होतं, तिकडची दोरी कुणीतरी धरून असेल. तिकडूनही सुटली, तर जायचं कुणाकडं?

तेवढ्यात पलीकडच्या घरातनं दगडूअक्का आली. अक्का मंडळीतली नव्हे, खंडोबाची माळ घालणारी. पण गावात कुणाचं दूध उतू गेलं, तरी आधी अक्काला कळायचं. म्हणाली, "शलोमे, मी देवळाच्या ओट्यावरचा फळा बघून आले. शनिवारी झाडलोट कुणी करायची, त्याच्या पाळ्या लिहिल्यात ना? तुझं नाव पुसलंय. तिथं मार्थाचं घातलंय."

"अक्का, मग खरंच काढलं गं."

"खरं की खोटं मला काय ठाऊक? पण अर्धी गोष्ट पोटात राहिली, की मला घास उतरत नाही. रविवारी चल. तुझ्यासाठी नाही, माझ्या पचनासाठी चल."

शलोमी रडता रडता हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रविवार आला. पहिली घंटा झाली. शलोमीनं गाडगं धुतलं, पुसलं, दळणातली एक मूठ काढली. बोटांतनं चार दाणे सांडले. ते तिनं उचलले नाहीत, चिमण्यांना ठेवले. दुसरी घंटा झाली. गाडगं डोक्यावर घेऊन निघाली, चिंचेपर्यंत गेली, पाय अडला. अक्कानं पाठीत बोट खुपसलं. तिसरी घंटा झाली. देवळाच्या पायरीशी पोहोचली. आत जाण्याचा धीर होईना. चपलांच्या शेजारी गाडगं मांडीवर घेऊन बसली.

आत गीत झालं. पेटी आधीसारखीच उशिरा आली. मग पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. आवाज म्हातारा झाला होता. आजाऱ्यांची नावं घेतली, परगावी गेलेल्यांची नावं घेतली. मग थांबले. म्हणाले, "आणि प्रभू, आमची शलोमी. आजही आली नाही. तू तिची वाट पाहा, आम्हीही पाहतो."

सगळ्या बायका म्हणाल्या, "आमेन."

शलोमीनं तोंडाला पदर लावला. तरी हुंदका बाहेर आला. अक्का तिच्यापेक्षा मोठ्यानं रडली, आणि मग काय, सगळं देऊळ मागं वळलं.

शलोमी उठली. उंबऱ्याशी आली. सतरंजीवर दाटीवाटीनं बायका बसल्या होत्या, पण खांबापाशी दोन माणसांची जागा रिकामी होती. एक मोठ्या माणसाची, एक लहानाची.

पाळकसाहेब म्हणाले, "ये लेकी."

"पाळकसाहेब, मी रागावले होते देवावर. अजूनही थोडी आहे."

"असू दे. राग घेऊन ये."

"तीन वर्षांत एकही मूठ आणली नाही. आज एकच आहे."

"तुझी मूठ येत नव्हती, म्हणून दर रविवारी तुझं नावच काढून देवापुढं ठेवलं. मंडळीची मूठ तीच होती."

शलोमीनं गाडगं वेदीपाशी ठेवलं. गुडघे टेकले. म्हणाली, "प्रभू, आले रे." दुसरं काही सुचलं नाही, दुसरं काही लागलंही नाही. मग जाऊन खांबाला टेकली. शेजारची लहान जागा तशीच ठेवली. त्या दिवशी घरी भाकरी केली, तिला चव होती. शांतवननं दुसरी मागितली. पुढच्या रविवारी पहिली घंटा झाली, तर तो आधीच अंगणात उभा, डोक्याला पटका.

पण फळ्याचं काय? अक्का सोडते होय! उपासना सुटल्याबरोबर तिनं मार्थाला गाठलं. "नाव पुसलं कुणी?"

मार्था म्हणाली, "मीच. खोटं कशाला बोलू? 'देवळाचं नाव काढू नको' म्हणाली मला, रागानं पुसलं. मग तिची पाळी मीच झाडत बसले." कमरेचा खडू काढून शलोमीच्या हातात दिला. "घे बाई. तुझं तू लिही. माझी कंबर गेली."

अक्का फुशारली. "म्हणजे माझी बातमी खरीच होती! नाव काढलं होतं!"

शलोमी म्हणाली, "खरी होती अक्का. फळ्यावरनं काढलं होतं, आणि प्रार्थनेतही काढलं होतं. तू निम्मीच आणलीस."

जशी शलोमीला तिची जागा राखून ठेवलेली सापडली, तशी तुम्हां आम्हां सापडो. घरी न आलेल्या सगळ्यांची नावं कुणीतरी काढत राहो. साठ मुठींची कहाणी, पाच मुठींत भरली, सांडलेले दाणे चिमण्यांना. म्हणा बायांनो, आमेन.