लघुग्रहाची दुसरी खेप

“...म्हणजे शोधायचं मी, आणि नाव मात्र ठेवायचं नाही?”

पाहुणे आले ते असे तणतणतच. आमच्या टेकडीवरच्या मठात लोक चपला बाहेर काढून येतात. हे चपलांसकट आत.

आमच्या गुरू गोदाक्का भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“काय शोधलंत?”

“लघुग्रह! मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतो. लागोपाठच्या फोटोंत सगळे तारे जागच्या जागी, आणि एकच ठिपका सरकत होता. जगात कुणी पाहिला नव्हता, आक्का. मी पाहिला.”

“अगबाई! मग घोडं अडलं कुठं?”

“तो आता सूर्याआड गेलाय. पुढच्या वर्षी माझ्या गणिताप्रमाणे परत दिसला, कक्षा पक्की झाली, तरच नाव ठेवा म्हणतात. आणि नाही सापडला तर...”

“तर?”

“तर हरवला. माझा शोधही गेला.”

आक्कांनी मूठभर वाल त्यांच्यापुढे सरकवले.

“सोला.”

पाहुणे भडकलेच. “तुम्ही माझं नावसुद्धा विचारलं नाहीत! मी...”

“थांबा. इथं पहिल्या खेपेला नाव विचारत नाहीत. जेवून जा.”

जेवले, पण फुगूनच. हा माणूस पुन्हा टेकडी चढतोय कसला, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी, आंब्याला मोहोर आला होता तेव्हा, खालून हाका ऐकू आल्या. “आक्का! अहो आक्का!”

तेच पाहुणे. धापा टाकत, तुटलेली चप्पल हातात घेऊन.

“आला! म्हटलं होतं तिथंच आला! इतकासा ठिपका हो... बघितला आणि मला रडूच आलं.”

आक्कांनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मलाही राहवेना, मी गूळ आणायला धावलो.

“मग? नाव काय ठेवणार?”



पाहुण्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, ते डोक्यातच आलं नाही! दिसला, आणि इकडंच पळत सुटलो.”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

मग आक्कांनी शेजारी पाट मांडला. वालाची परात दोघांच्या मध्ये ओढली.

“बस असा. नाव काय रे तुझं?”