पाटाच्या तोंडचा दगड

खूप खूप वर्षांपूर्वी, गावाचा न्याय गावाच्या वेशीत बसून होत असे, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

डोंगराच्या उतारावर एक गाव होते. कित्येक पिढ्यांपूर्वी त्या देशात परमेश्वराला भिऊन वागणारा एक ज्ञानी राजा होऊन गेला होता. तो आयुष्यभर पाहत राहिला, ऐकत राहिला, चुकला, शिकला, आणि त्यातून त्याने वचने लिहून ठेवली. जिभेबद्दल, रागाबद्दल, कष्टाबद्दल, अगदी मधाबद्दल आणि मुंगीबद्दलसुद्धा. पवित्र शास्त्रात ती जपलेली होती. दर विश्रांतीच्या दिवशी गावाच्या वेशीत ती मोठ्याने वाचली जात. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती तोंडपाठ होती. तोंडपाठ होती, एवढेच.

त्या गावाची एक रीत होती. कुणाच्या घरी संकट आले की शेजारीपाजारी त्याच्याकडे एकेक वचन घेऊन जात. घरच्यांनी चटई अंथरायची, भाकरी वाढायची, वर मूठभर सुके अंजीर ठेवायचे. वचन घेऊन आलेल्याला उपाशी पाठवले तर वचनाचा अपमान होतो, असे गाव मानत असे. म्हणजे ज्याचे घर जळाले त्यानेच आग बघायला आलेल्यांना जेवू घालायचे. ही रीत राजाच्या वचनांत कुठेही लिहिलेली नव्हती. ती कोणी सुरू केली, हे विचारायची मात्र गावात पद्धत नव्हती.

याच गावात डाळिंबाची बाग राखणारा एक माळी राहत असे. साधा, सरळ, आणि वचनांवर जीव टाकणारा. चप्पल घालतानासुद्धा आधी कोणता पाय घालावा याचे वचन आठवू पाहणारा. त्याची बायको मात्र वेगळ्या मातीची होती. ती वचने ऐकायची, मान हलवायची आणि कामाला लागायची.

एका सकाळी माळी बागेत गेला, तर पाट कोरडा. डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी त्या पाटाने खाली येत असे. आधी थोरल्या पंचांचा द्राक्षमळा, मग माळ्याची बाग. माळी पाटाच्या काठाकाठाने वर चढला. द्राक्षमळ्याच्या कडेला, जिथून पाट खाली वळतो, तिथे तोंडावर एक रुंद दगड आडवा टाकलेला होता. फटींत ओली माती नीट थापून बसवली होती. अख्खे पाणी मळ्यात वळले होते.

माळी तिथेच उभा राहिला. त्याला काही उमगेना. दगड पावसाने वाहून आला म्हणावे, तर पाऊस पडलेला नव्हता. कोणी मुद्दाम ठेवला म्हणावे, तर मळा थोरल्या पंचांचा. आणि थोरले पंच म्हणजे वेशीत राजाची वचने वाचून दाखवणारे. त्यांचा आवाज असा गोड की ऐकताना म्हाताऱ्यांचे डोळे पाणावत. ज्याच्या तोंडात राजाची वचने आहेत, त्याच्या हाताला शेजाऱ्याच्या पाटाची माती कशी लागेल? माळ्याने स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि तो खाली आला.

बायकोला त्याने सगळे सांगितले. ती पीठ मळत होती.

"दगड आहे ना? मग उचला," ती म्हणाली.

"अगं, पण याला वचन कोणतं लागू पडतं ते तरी बघू दे."

"दगडाला वचन नसतं हो. वजन असतं. हवं तर मी येते धरायला."

माळी गेला नाही. डाळिंबे नुकती फुलावर आली होती. फूल धरायच्या दिवसांत पाणी तुटले की फूल गळते, आणि फूल गळले की वर्ष गेले. हे त्याला पक्के ठाऊक होते. पण बाकी कशाचाच पक्का भरवसा वाटत नव्हता.

बातमी गावभर झाली आणि रीतीप्रमाणे माणसे येऊ लागली.

पहिला आला तेली. चटईवर मांडी घालून त्याने सांगितले की ज्याची झाडे सुकतात, त्याचे हात आधी सुकलेले असतात. भाकरी खाल्ली, अंजीर घेतले आणि गेला. माळ्याला वाटले, खरेच, आपणच कमी पडतो. तो डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरून घागरी वाहू लागला. चढण अशी की अर्धे पाणी वाटेत सांडे आणि उरलेले पहिल्या रांगेतच संपे.

मग आला कापडवाला. माळ्याला धापा टाकताना पाहून तो हसला. धावणाऱ्याच्या पुढे नेहमी चढच असतो, देव देतो ते बसल्या जागी देतो, असे त्याचे वचन. त्यानेही भाकरी खाल्ली. हेही वचन राजाचेच होते. माळ्याने घागर खाली ठेवली आणि तो बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला तेल्याचे वचन आठवे आणि तो उठे. उठला की कापडवाल्याचे आठवे आणि तो बसे. त्याची बायको दारातून बघत होती.

"एकदा काय ते ठरवा," ती म्हणाली. "धोतर झिजायला लागलंय."

मग आले मुलांना वचने शिकवणारे गुरुजी. त्यांनी डोळे मिटून सांगितले की संकट बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी येत नाही. तू कुठेतरी पाप केले असशील, ते शोध. माळी दिवसभर शोधत राहिला. शोधता शोधता त्याला आठवले, की फार पूर्वी शेजारच्या कुंभाराची कोंबडी बागेत शिरली होती. हाकलायला फेकलेले ढेकूळ तिच्या वर्मी लागले आणि ती मेली. तेव्हा त्याने कुंभाराला सांगितले होते की कोल्ह्याने नेली. माळी लगेच कुंभाराकडे गेला आणि त्याने सगळे कबूल केले.

कुंभार चाकावरून उठला. इतकी वर्षे तो बिचाऱ्या कोल्ह्याला शिव्या देत होता. आता त्या सगळ्या शिव्या, व्याजासकट, माळ्याला मिळाल्या. माळी घरी आला तो आणखीच गोंधळलेला. पाप सापडले होते, कबूलही झाले होते. तरी पाट कोरडाच होता, आणि कुंपणापलीकडचा शेजारी बोलेनासा झाला होता.

शेवटी खुद्द थोरले पंच आले. माळ्याला भरून आले. त्याने घरातली चांगली चटई अंथरली. पंचांनी भाकरी खाल्ली, अंजीर खाल्ले, पुन्हा अंजीर खाल्ले आणि मग प्यायला पाणी मागितले.

"पाणी तुमच्याच मळ्यात आहे, थोरले," माळ्याची बायको शांतपणे म्हणाली. "थांबता का, घेऊन येते."

माळी शरमेने अर्धा झाला. त्याने बायकोला डोळ्यांनी दटावले. थोरले पंच मात्र रागावले नाहीत. मोठी माणसे अशा वेळी रागावत नसतात. ती वचन सांगतात.

"बाळा," ते माळ्याला म्हणाले, "गप्प बसणाऱ्याच्या घरात शांतता नांदते. हे राजाचं वचन मी तुला देऊन जातो. जप."

माळ्याने ते वचन कपाळाला लावावे तसे मनात ठेवले. पण ठेवले तसे ते टोचू लागले. कारण त्याच राजाचे, त्याच शास्त्रातले दुसरेही एक वचन त्याला पाठ होते: गप्प बसणाऱ्याच्या शेतात दुसऱ्याची गुरे चरतात. दोन्ही राजाचीच. दोन्ही खरीच असणार. मग माणसाने तोंड उघडावे की मिटावे?

धान्याची कणगी तळाला आली. अंजिरांची टोपली रिकामी झाली. झाडाखाली लाल फुलांचा सडा पडू लागला, आणि रोज सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा दाट असे.

विश्रांतीच्या दिवशी माळी वेशीत गेला. वाचन संपल्यावर त्याने हात जोडून आपली अडचण मांडली. दगडाचे नाव त्याने काढले नाही. फक्त विचारले, की या दोन वचनांतले कोणते पाळावे. आणि मग जी चर्चा झाली, काय सांगावे! एक म्हणाला, आधी लिहिलेले वचन मोठे. दुसरा म्हणाला, नंतरचे मोठे, कारण माणूस उतारवयात शहाणा होतो. तिसऱ्याने शेत म्हणजे खरे शेत नव्हे, मन आहे, असा अर्थ लावला. गुरे कोणत्या रंगाची यावरही मतभेद झाले. दोन फर्लांगांवर एक बाग वाळत होती; तिकडे कोणी मान वळवून पाहिले नाही.

शेवटी थोरल्या पंचांनी हात वर केला. पहिले वचन सामान्यांसाठी आहे आणि दुसरे शहाण्यांसाठी, असा निवाडा त्यांनी दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण शहाण्यांत बसतो की सामान्यांत, हे माळ्याने विचारले नाही. त्याचे उत्तर त्याला चर्चेविनाच मिळाले होते.

तो घरी आला आणि वाळलेल्या झाडाखाली बसून राहिला. ऊन कलले तेव्हा फाटक वाजले. कुंभार आत आला. दोन्ही हातांत दोन भरलेल्या घागरी, चेहरा अजून फुगलेला. त्याने कोणाशी न बोलता एका झाडाच्या आळ्यात एक घागर ओतली, दुसऱ्याच्या आळ्यात दुसरी.

माळी धडपडून उठला. घरात अंजीर उरले नव्हते, म्हणून तो ओशाळला. त्याने विचारले, "तू कोणतं वचन आणलंस?"

"माझ्याकडे कसलं वचन?" कुंभार खेकसला. "माती भिजवायला पाणी आणलं होतं. कुंपणावरून तुझी झाडं दिसली. माती काय, उद्या भिजेल." जाता जाता तो फाटकाशी थांबला. "आणि कोंबडी मी विसरलेलो नाही."

माळी त्या ओल्या आळ्यांकडे बघत राहिला. शास्त्रातली एक जुनी कथा त्याला आठवली. सगळे गमावून राखेत बसलेल्या एका माणसाची. त्याचे मित्र दुरून आले आणि त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. ज्या क्षणी ते त्याला समजवायला लागले, त्या क्षणापासून त्यांनी त्याच्या जखमेवर मीठ चोळले. ही कथा माळ्याने शंभरदा ऐकली होती. पण आपल्या चटईवर भाकरी खाऊन गेलेले ते कोण, हे त्याला आज कळले.

आणि मग त्याने पहिल्यांदाच एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारला. कोणते वचन खरे, हा नव्हे. हे वचन मला कोणी आणून दिले, आणि ते मी पाळले तर पाणी कोणाच्या मळ्यात राहते?

दुसऱ्या सकाळी माळी वेशीत आला. त्याच्या खांद्यावर पहार होती. मागे बायको होती, तिच्या हातात फावडे. पंच मंडळी बसली होती, थोरले पंच मधोमध.

माळी थोरल्या पंचांसमोर उभा राहिला. "थोरले, आपण मला एक वचन दिलं होतं. गप्प बसणाऱ्याच्या घरात शांतता नांदते. मी सामान्य माणूस, मला ते पेललं नाही. म्हणून ते आपल्याला परत द्यायला आलो. आपल्या मळ्याच्या कडेला, माझ्या पाटाच्या तोंडावर एक दगड आहे. तो काढायला मी आत्ता निघालो आहे. आपल्या घरात शांतता नांदावी अशी माझी फार इच्छा आहे."

थोरल्या पंचांनी तोंड उघडले. अडवावे, तर दगड आपला हे कबूल होते आणि आपलेच वचन सगळ्यांसमोर मोडते. न अडवावे, तर पाणी जाते. त्यांनी तोंड मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. इतकी वर्षे वचने वाचणाऱ्या त्या गोड गळ्यातून एक अक्षर बाहेर पडले नाही.

माळी आणि त्याची बायको चालू लागले. वाटेत कुंभार आपले चाक सोडून त्यांच्यामागे आला. का आलास, असे विचारल्यावर तो म्हणाला की पहार धरायची कशी हे याला कळत नाही, दगड पायावर पाडून घेईल. तिघांनी मिळून दगड उलथला. पाणी क्षणभर घोटाळले, जणू वाट विसरले होते, आणि मग खाली धावत सुटले.

सगळी झाडे वाचली नाहीत. निम्म्या बागेला त्या वर्षी फळच धरले नाही आणि वरची एक रांग तोडावी लागली. उशिरा आलेले शहाणपण गेलेली फुले परत चिकटवत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. थोरले पंचही काही गाव सोडून गेले नाहीत. पुढच्या विश्रांतीच्या दिवशी ते पुन्हा वाचायला बसले. लोकांनी ऐकले. पण आता ऐकताना लोक त्यांच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यासारखा लागेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपण होऊन ती जागा सोडली.

माळ्याच्या बायकोने आपल्या दारात एक रिकामी घागर ठेवली. वचन सांगायला जो येईल त्याने ती आधी विहिरीवरून भरून आणायची. तेली एकदा आला, घागर पाहिली, काहीतरी विसरले म्हणून परत गेला, तो गेलाच. हळूहळू घरोघर तशी घागर दिसू लागली. गावात वचने कमी ऐकू येऊ लागली आणि हिरवळ वाढली. जी थोडी वचने उरली, ती खरोखर राजाची वाटत.

माळ्याने कुंभाराला एक तांबडी कोंबडी नेऊन दिली. कुंभाराने ती उलटीपालटी करून पाहिली आणि आधीची जास्त अंडी देत होती, असे सांगितले. शेजार पुन्हा सुरू झाला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी न्यायचे वचन आधी आपल्या उंबऱ्यात पाळून पाहावे, आणि नेताना हात रिकामे नसावेत.