चौदा पिंपं आणि लोण्यातला मासा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे डोंगरउतारावर द्राक्षमळे होते आणि दरबारात एक पारखी होता. मळेकऱ्यांनी केलेलं मद्य आधी तो चाखायचा. त्याने मान डोलावली, तर पिंपं राजाच्या कोठारात. नाही म्हटलं, तर नदीत. त्याचा शब्द कधी फिरला नव्हता आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्याची रीत ठरलेली होती. मद्य बर्फात थंडगार करायचं, राजाच्या आवडत्या चिंच-मिरचीच्या झणझणीत कालवणाचा एक घास खायचा आणि वर घोट घ्यायचा. या कालवणापुढे टिकेल ते खरं मद्य, असं तो छातीठोकपणे सांगायचा. सगळ्यांना कालवण एकच, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही!

एके वर्षी एक म्हातारी मळेकरीण दरबारात आली. तिने पांढऱ्या द्राक्षांचं मद्य ओकच्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवलं होतं. त्या द्राक्षांना आजचे शौकीन शार्डोने म्हणतात. ती आपली नुसती पांढरी द्राक्षं म्हणायची. पारख्याने घास खाल्ला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडूजहर! ओली फळी चावल्यासारखं लागतंय. उद्या दुपारी मी स्वतः येतो. चौदाच्या चौदा पिंपं नदीत ओतायची."

म्हातारी रडली नाही, की तिने हात जोडले नाहीत. "या की," ती म्हणाली. "पण उपाशी या, पारखीबुवा. माझ्या दारातून कुणी न जेवता जात नाही."

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून पारखी दमला. पोटात कावळे ओरडत होते. म्हातारीने पान वाढलं. लोण्यावर मंद आचेवर परतलेला मासा, त्यावर दाट साय, शेजारी भाजलेलं कणीस. मग तिने एक पेला भरून ठेवला.

"बर्फ कुठाय?" पारख्याने विचारलं.

"तळघराचा गारवा पुरे झाला. फार गारठलं की त्याचा वास मरतो. आधी घास घ्या."

त्याने घास घेतला, मग घोट. आणि तो थांबला. भाजलेल्या बदामाचा खरपूस वास, पिकल्या सफरचंदाची गोडी, आणि जिभेवर लोण्यात लोणी विरघळावं तसं काहीतरी. असं मद्य त्याने उभ्या जन्मात चाखलं नव्हतं.

"आजी, हे कुठलं?"

"कालचंच. तुम्ही नाक मुरडलंत ते."

पारख्याचा चेहरा पडला. त्याला फार लाज वाटली. पिंपं ओतली असती, तर कुणाला काही कळलं नसतं आणि त्याचा शब्दही राहिला असता. म्हातारीलाही ते ठाऊक होतं. "नदी पलीकडेच आहे," ती शांतपणे म्हणाली. "ठरवा तुम्हीच."

तो उठला तो थेट दरबारात गेला. "महाराज," तो म्हणाला, "माझी जीभ चुकली नाही, माझी रीत चुकली. बर्फाने त्याचा वास मेला आणि तिखटाने ते कडू लागलं. पिंपं चांगली आहेत. मी शब्द मागे घेतो."

राजाने विचारलं, "आणि आजवर जी नदीत गेली, ती?"

पारख्याच्या नकारामुळे पाच मळेकऱ्यांची पिंपं नदीत गेली होती. राजाने त्याला काढलं नाही. त्या पाचांच्या घरी जाऊन जेवायचं, त्यांच्या पद्धतीने त्यांचं मद्य चाखायचं आणि मग निवाडा द्यायचा, एवढंच फर्मावलं.

पारखी पाचही घरी गेला. पाचही घरांनी त्याला मानाने पाटावर बसवलं, पोटभर वाढलं आणि पेल्यात शेळीचं दूध दिलं. त्याच्या नकारानंतर पाचांनीही मळे मोडले होते; द्राक्षांचा वेल एकाच्याही अंगणात उरला नव्हता.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: कुणाला नाकारण्याआधी त्याला त्याच्या जोगत्या संगतीत एकदा पाहावं, कारण चुकलेला निवाडा मागे घेता येतो, त्याने झालेलं नुकसान नाही.