उलट्या खांबाचं घर

तळ्याला लाकडाचं बोलणं कळायचं, तेव्हाची गोष्ट. रेवजी सुतार तळ्याकाठी स्वतःचं लाकडी घर बांधत होता. खांब झाडासारखाच उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी घाईत एक खांब उलटा बसला.

“दादा, माझं खाली डोकं वर पाय झालंय. फिरवा मला,” खांब म्हणाला.

“आता अख्खं छप्पर कोण उतरवणार? राहा तसाच!” रेवजी म्हणाला.

खांबाने तळ्यात पाहिलं. पाण्यातल्या घरात तो सरळ उभा होता.

“मला तिकडे घे,” तो तळ्याला म्हणाला.

“एकट्याला कसं घेऊ? घरही येईल.”

सकाळी काठ मोकळा होता. पाण्यात मात्र घर तसंच होतं. दारात खाली डोकं वर पाय झालेला रेवजी हाका मारत होता, “फिरवा मला!”