घाटातल्या स्वाराचा वेग

विषय : औषधस्वाराचा सरासरी वेग जलद मानावा किंवा कसे. संदर्भ : घाटवाटेच्या स्वाराचा अर्ज.

फार जुन्या काळी, एका राज्यात गावोगावी औषधे पोचवायला सायकलस्वार नेमलेले होते. एकदा प्रधानजींना वाटले, जलद कोण ते ठरवावे. राजपुत्राचे मित्र तळ्याकाठच्या सपाट सडकेवर, एकमेकांच्या पाठीआड वारा चुकवत सायकली हाकून आले. सरासरी भरली ताशी आठ कोस. झाला नियम! महिनाअखेर आठ न गाठणाऱ्याची सायकल जमा आणि त्याची वाट बंद.

घाटवाटेच्या स्वाराची सरासरी होती पाच. तो कचेरीत गेला.

"कारकूनसाहेब, माझ्या वाटेत घाट आहे."

"नियमात नाही. आणि चढ असला तर उतारही असेलच की! फिटंफाट."

"चढायला दोन तास, उतरायला पाव तास. फिटतं कुठं, साहेब? शिवाय वस्तीवस्तीला थांबावं लागतं."

"थांबता? मग वेग कसा भरणार? अर्ज करा."

त्याने अर्ज केला. पण वाट बंद झाली तर घाटातल्या माणसांना औषध कोण देणार, या काळजीने त्याची झोप उडाली.

घाटात रीत अशी होती, की ज्याला औषध हवे त्याने रस्त्याकडेला हात वर करून उभे राहायचे. आता स्वार नुसती घंटी वाजवून पुढे जाऊ लागला. माथ्यावरच्या झोपडीत एक म्हातारी एकटी राहत असे. ती हात वर करून उभी होती.

"अरे लेकरा, थांब की जरा!"

"येताना थांबतो, आत्या! आज सहा भरतायत!"

सहा भरले. कारकुनाने शेरा मारला, 'सुधारणा समाधानकारक.'

दोन दिवसांनी स्वार परतला, तेव्हा झोपडीचे दार ओढलेले होते. शेजारचा धनगर म्हणाला, "काल गेली. तापानं उभं राहवत नव्हतं, तरी धरत धरत रस्त्यापर्यंत आली होती. म्हणाली, औषध त्याच्या पिशवीतच असतंय."

स्वाराने पिशवी उघडली. तापाची पुडी वरच होती.

महिनाअखेर आठ काही भरले नाहीत. सायकल जमा झाली, वाट बंद झाली. स्वार आता पिशवी पाठीला मारून पायी घाट चढतो आणि हात वर असो वा नसो, प्रत्येक दाराशी थांबतो. सरासरी ताशी अर्धा कोस. माथ्यावरच्या ओढलेल्या दाराशीही तो थांबतो. तेवढा वेळ कुठेच मोजला जात नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या वाटेचे माप आपल्या वाटेला लावले, की वेग वाढतो आणि काम राहून जाते.

अर्जावर 'घाटाची उंची कळवावी' असा शेरा आहे. उंची कळवली आहे. अर्ज विचाराधीन आहे.